रेमोंदच्या कोंबड्या

रेमोंद देल्मासने एकोणतीस वर्षं रोज कांदा, गाजर आणि सेलरी चिरली, आणि तिने चिरलेला एक तुकडासुद्धा कधी कुणाच्या ताटात गेला नाही. तिच्या कामाची रीतच तशी होती. हे तीन जिन्नस आधी बदकाच्या चरबीत मंद आचेवर ठेवायचे, त्यांना घाम सुटू द्यायचा पण रंग चढू द्यायचा नाही. मग त्यात बदकाची भाजलेली हाडं आणि पाणी घालायचं, आणि पाच तास चुलीवर. शेवटी सगळं चाळणीतून गाळलं की खाली रस्सा उरतो आणि वर चोथा. रस्सा गिऱ्हाइकाला, चोथा कचऱ्याला.

बरं, जे फेकूनच द्यायचंय ते माणसाने कसंही चिरावं की नाही? रेमोंदला हे पटायचं नाही. दोन वाटे कांदा, एक वाटा गाजर, एक वाटा सेलरी, आणि प्रत्येक तुकडा करंगळीच्या नखाएवढा, त्याहून मोठा नाही की लहान नाही. एक लहान आणि एक मोठा असला की लहान जळतो, मोठा कच्चा राहतो, आणि दोघांचं भांडण रश्शात उतरतं, असं तिचं म्हणणं. भाजीवाला आत डोकावला की म्हणायचा, "रेमोंद, लग्नाला चाललेत का हे कांदे? किती गं नटवतेस." ती मान वर न करता म्हणायची, "तुझ्या लग्नात कुणी एवढं नटलं नव्हतं."

आमच्या गावाचं नाव मिरप्वा, आणि या तीन भाज्यांच्या चिराचिरीलाही साऱ्या फ्रान्समध्ये तेच नाव. कधीकाळी इथल्या ड्यूकच्या आचाऱ्याने ती पहिल्यांदा एकत्र चिरली, असं सांगतात. नाव झालं ड्यूकचं. त्याने आयुष्यात कांदा हातात धरला असेल असं मला वाटत नाही. आचाऱ्याचं नाव काय होतं ते गावात कुणालाही ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही म्हणून कुणाची झोपही उडालेली नाही. आयत्या बिळावर नागोबा बसतो तो काही आमच्याच गावात बसतो असं नाही.

एस्काफ्र यांच्या खाणावळीतही तेच चाललेलं. चौकातल्या लाकडी खांबांच्या सोप्याखाली खाणावळीच्या दारात काळी पाटी टांगलेली असायची आणि तिच्यावर मालकीण सोलांज रोज सकाळी खडूने लिहायची : 'बदक, फिर्मांच्या रश्शात.' फिर्मां एस्काफ्र म्हणजे मालक आणि आचारी. साठीचा, दारातून आडवं होऊन आत यावं लागेल एवढा रुंद माणूस, मनाने वाईट नव्हे. फक्त त्याच्या तोंडून कौतुक निघणं म्हणजे दगडाला पाझर फुटणं. रेमोंदशी तो एकोणतीस वर्षं मुख्यतः एकाच विषयावर बोलत आला होता. तो विषय म्हणजे तिच्या कोंबड्या.

झालं होतं असं, की कामाला लागली त्या पहिल्या आठवड्यात रेमोंदने विचारलं, "मालक, हा चोथा मी नेऊ का?" फिर्मां म्हणाला, "कशाला? कोंबड्या पाळल्यात का?" ती जराशी थांबली आणि म्हणाली, "हो." तेव्हापासून रोज दुपारचं उरकलं की ती हाडं वेचून काढायची आणि चोथा पत्र्याच्या डब्यात भरून घरी न्यायची. फिर्मां दारात पाइप ओढत उभा असायचा.

"काय म्हणतात कोंबड्या?"

"बऱ्या आहेत, मालक."

"अंडी?"

"सध्या बसल्यात."

"एकोणतीस वर्षं बसल्यात. उठव की त्यांना."

असा हा संवाद, रविवार धरून, रोज. ती अंडी कुणी पाहिली नाहीत आणि कुणी मागितलीही नाहीत.

शहात्तर सालच्या सप्टेंबरात खाणावळीत एक पत्र आलं. आमच्या गावात कांदा-गाजर-सेलरीच्या नावाने एक बंधुमंडळ आहे. वर्षातून एकदा गावातली चाळीस प्रतिष्ठित माणसं केशरी झगा, पांढरी कॉलर आणि डोक्यावर हिरवी झिपरी टोपी घालून चौकातून मिरवतात. लांबून पाहिलं तर गाजरांनी शेत सोडून मोर्चा काढलाय असं वाटतं. अध्यक्ष होते औषधाच्या दुकानाचे काझनाव साहेब. त्यांच्या घरी स्वैपाक बायको करायची आणि ते नाकाने कांदे सोलायचे. मंडळ दरवर्षी एका आचाऱ्याला पितळी कांद्याचं पदक देतं. या वर्षी फिर्मां.

पत्रात एक अट होती. मानकऱ्याने त्या दिवशीचा रस्सा पहिल्या कांद्यापासून शेवटच्या थेंबापर्यंत स्वतःच्या हाताने करायचा. दुसऱ्याचा हात लागता कामा नये. आणि नंतर चाळीस जणांसमोर तशी शपथ घ्यायची.

सोलांजने पत्र मोठ्याने वाचलं आणि चष्म्यावरून नवऱ्याकडे पाहिलं. "अहो, पहिल्या कांद्यापासून म्हणतायत. चिरायचं कसं?"

"चिरण्यात काय आहे?" फिर्मां मिशीवरून हात फिरवत म्हणाला. "चिरायला काय, कुणीही चिरेल."

रेमोंद तीन हातांच्या अंतरावर उभी राहून चिरत होती. तिचा हात थांबला नाही, पण तो कांदा तिला पुढे आठवेना. एकोणतीस वर्षांत तिने पगारवाढीसाठी तोंड उघडलं नव्हतं, पाटीवर दुसऱ्याचं नाव वाचून वाईट वाटून घेतलं नव्हतं. पण 'कुणीही' हा शब्द तिच्या छातीत जाऊन बसला. ती अठ्ठावन्न वर्षांची होती. नवरा लवकर गेला, मूल नाही. तिला चांगलं येतं असं जगात एकच काम होतं, आणि तेही कुणालाही येत असेल तर आपण इतकी वर्षं इथे उभ्या होतो कशाला, हे तिला कळेना.

त्या दिवशी घरी जाऊन तिने लाव्हलानेच्या बहिणीला, मार्तला, पत्र लिहिलं. मार्त कधीपासून मागे लागली होती की माझ्याजवळ येऊन राहा. रेमोंदने लिहिलं : ऑक्टोबरच्या दुसऱ्या रविवारी मालक माझ्याशिवाय रस्सा करणार आहेत. चांगला झाला तर सोमवारी दुपारच्या बसने येते, कायमची. बिघडला तर बघू. मार्तचं उलट टपाली उत्तर आलं : खोली झाडून ठेवली आहे. पण इथे कांदा मी चिरते, माझ्या मनाला येईल तसा. बघून गप्प बसायचं असेल तर ये.

तो रविवार उजाडला. रेमोंदला काम नव्हतं, तरी सवयीने ती साडेपाचला दारात हजर, अंगावर चर्चचा निळा पोशाख. काझनाव साहेब साक्षीदार म्हणून स्वैपाकघरात स्टूल टाकून बसले होते. दाराशी त्यांचा कुत्रा बारोन. त्यांनी रेमोंदला आत येऊ दिलं नाही.

"बाई, आज तुम्ही पाहुण्या. आज तुमचा हात लागायचा नाही."

"मी फक्त बघते."

"बघितलंत की शिवशिवेल हात."

यात खोटं काही नव्हतं. शेवटी सोलांजने तिला बाहेर दालनात खिडकीपाशी बसवलं आणि पुढ्यात चाळीस धुतलेले रुमाल ठेवले. "घड्या घाल, तेवढाच विरंगुळा." त्या दालनात रेमोंद बसली ती आयुष्यात पहिल्यांदा. स्वैपाकघराचं दार पाठीमागे, पाच पावलांवर.

सहाला सुरीचा आवाज सुरू झाला. टक. टक-टक. मग बराच वेळ काहीच नाही. मग टक्कन एक असा, की सरपण फोडतायत. रेमोंदने डोळे मिटले. रुमालाची घडी चुकली.

"काय गं?" सोलांजने विचारलं.

"काही नाही. त्यांनी गाजर आधी घेतलं."

"मग?"

"कांदा आधी घ्यायचा. गाजर काय, पळून जातंय?"

आतून फिर्मां एकदम ओरडला, आणि पाठोपाठ काझनाव साहेबांचा आवाज आला, "बोट पाण्याखाली धरा, पाण्याखाली." औषधवाला जवळ असला की हे एक बरं असतं. पट्टी बांधली गेली, चिराचिरी पुढे चालू झाली. मग चरबीत भाज्या पडल्याचा आवाज आला. रेमोंद कान देऊन बसली. कांदा चरबीत पडला की आधी तावातावाने बोलतो, हळूहळू त्याचा आवाज उतरतो, आणि तो पुटपुटायला लागला की झाकण ठेवायचं. फिर्मांच्या पातेल्यात सगळे एकदमच भांडायला लागले होते.

"आच मोठी आहे," रेमोंद रुमालाला म्हणाली.

"सांगू का त्यांना?" सोलांज.

"नको, मालकीणबाई. कुणीही करेल असं काम आहे ते."

सोलांजने तिच्याकडे पाहिलं आणि काटे-चमचे मोजायला घेतले. रेमोंदला मनातून गुदगुल्या होत होत्या, हे लपवण्यात अर्थ नाही. पण जसजशी हाडं शिजायला लागली, तसा दाराच्या फटीतून वास यायला लागला, आणि तो वाईट नव्हता. थोडा करपट, पण वाईट नव्हता. दहा वाजेपर्यंत तर चांगलाच झाला. तिच्या गुदगुल्या थांबल्या. पाच तासांत पाणी बऱ्याच जणांची पापं पोटात घालतं, हे ती विसरली होती. उद्या दुपारी चारच्या बसचं तिकीट घ्यायला लागणार, असं तिच्या मनात आलं, आणि तिला स्वतःचीच कीव आली.

साडेअकराला काझनाव साहेब हात चोळत बाहेर आले. "झालंच आता. फक्त गाळायचंय. तेवढ्यात मी घरी जाऊन झगा घालून येतो." सोलांजने त्यांच्यापुढे वाइनचा पेला ठेवला, तो घ्यायला ते उभ्या उभ्या खिडकीशी थांबले. आत पातेलं उचलल्याचा आवाज आला. जड पातेलं, दोन्ही हातांनी. आणि मग धोधो.

काझनाव साहेबांनी खिडकीतून बाहेर नाक काढलं. "आहाहा! वास बघा, बाई, वास! हा तर रस्त्यापर्यंत पोचला."

रेमोंदने बाहेर पाहिलं. स्वैपाकघराच्या दगडी मोरीचा पाइप त्या खिडकीखालच्या गटारीत उघडतो. ऑक्टोबरच्या गारठ्यात गटारीतून वाफा निघत होत्या. सोनेरी तवंगाचा एक ओघळ सोप्याच्या कडेने चौकाकडे निघाला होता, आणि बारोन चारही पाय ताणून, शेपटी हलवत, तो चाटत होता.

स्वैपाकाच्या धंद्यात एक चूक आहे, जी दुसऱ्या कुठल्या धंद्यातल्या माणसाला करताच यायची नाही. बटाटे उकडले की चाळणी मोरीत ठेवायची आणि पातेलं उपडं करायचं, कारण बटाटे हवेत, पाणी नको. शेंगदाण्याएवढ्या पांढऱ्या राजम्याचंही तेच. फिर्मांने हे हजारो वेळा केलं होतं. रस्सा गाळायचं काम मात्र रेमोंदचं. तेव्हा चाळणीखाली दुसरं पातेलं ठेवायला लागतं, कारण तिथे उलटं असतं, पाणी हवं असतं आणि बाकी नको. पट्टी बांधलेल्या हाताने फिर्मांने चाळणी मोरीत ठेवली होती आणि साडेपाच तासांची मेहनत मोठ्या आनंदाने तिच्यातून ओतून दिली होती.

"उत्तम," काझनाव साहेब पेला संपवत म्हणाले. "बारोनलाही कळतं बघा." आणि ते कुत्र्याला ओढत घरी गेले.

रेमोंद उठली. तिच्या हातात आयती जीत आली होती. बसून राहायचं, बस्स. एक वाजता चाळीस केशरी झगे येतील आणि रस्सा कुठेय म्हणून विचारतील. मग चिरायला, गाळायला कुणीही चालतं का, ते साऱ्या गावाला कळेल. तिने दोन रुमालांच्या घड्या घातल्या. तिसरा तसाच ठेवला आणि दार ढकललं.

फिर्मां मोरीपाशी उभा होता. दोन्ही हातांत चाळणी, चाळणीत हाडं आणि मऊ झालेला चोथा. चेहरा असा की कुणीतरी मेलंय. त्याने रेमोंदकडे पाहिलं आणि चाळणी पुढे केली, जणू ती बघून काही वेगळं सांगेल.

"रेमोंद," तो म्हणाला, "गेलं गं सगळं."

"पाहिलं. काझनाव साहेबांच्या कुत्र्याला आवडलं."

"दीड तास उरलाय. दुसरा रस्सा पाच तासांचा. मी तोंड कुठे लपवू?"

"तुमचं तोंड लपेल एवढी जागा गावात नाही, मालक." ती कांद्याच्या पोत्यावर बसली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. "हाडं वेचा त्यातली. परत पातेल्यात घाला, बुडेल एवढंच पाणी, आच मोठी. जेवढा जीव उरलाय तेवढा येईल."

"तू कर ना."

"माझा हात लागायचा नाही. जिभेचं काही लिहिलेलं नाही पत्रात. वेचा."

त्याने हाडं वेचली. "आणि हा चोथा? टाकू?"

"टाकायचा नाही. दांडा फिरवायच्या चाळणीतून तो वाटून काढा, गुळगुळीत. सालं राहता कामा नयेत. त्यात बदकाच्या तंगड्यांखाली ट्रेमध्ये जे उतरलंय ते सगळं घाला. लाल वाइन घाला, अर्धी होईपर्यंत आटवा. हाडांचं पाणी वरून थोडं थोडं. दाट होईल, गाळीव नाही होणार, पण खोटं नाही होणार."

फिर्मांचा हात चाळणीवर थांबला. "हे कुठे शिकलीस तू? असा रस्सा मी कधी पाहिला नाही."

"घरी."

"घरी कसा? चोथा तर तुझ्या कोंबड्या…"

"माझ्याकडे कोंबड्या नाहीत, मालक."

फिर्मां तिच्याकडे वळला.

"नाहीत म्हणजे? मेल्या?"

"नव्हत्याच कधी. दुसऱ्या मजल्यावर राहते मी. तिथे कोंबड्या कुठे ठेवू, पलंगाखाली?"

"मग एकोणतीस वर्षं…"

"मीच ती कोंबडी. त्या वर्षी नवरा गेला होता, घरात काही नव्हतं, आणि तुम्हीच म्हणालात कोंबड्या, मी हो म्हटलं. पुढे घरात सगळं आलं. पण तोवर मला त्याची चव लागली. रोज रात्री वाटून, थोडी वाइन, पावाबरोबर. तुम्ही ज्याला कचरा म्हणता त्यात निम्मी चव असते, मालक. मला माहीत आहे, कारण मीच ती घालते."

फिर्मां चाळणीतल्या चोथ्याकडे बघत राहिला. एवढी वर्षं रोज दारात उभं राहून आपण कुणाच्या जेवणाची थट्टा करत होतो, ते त्याच्या लक्षात येत होतं, आणि एवढ्या मोठ्या देहात लाज शिरायला वेळ लागतो. तो पुटपुटला, "आणि मी अंडी विचारत होतो."

"हो. रोज. वाटा आता, वेळ जातोय. आणि तीन कांदे घ्या. ताजी फोडणी हवी, त्याशिवाय शिळं लागेल."

"परत चिरू?"

"कुणीही चिरतं ते."

तो कानापर्यंत लाल झाला. त्याने कांदा घेतला, पहिला घाव घातला. "थांबा," पोत्यावरून हुकूम सुटला. "मूळ कापायचं नाही, तेच सगळ्याला धरून ठेवतं. आता उभे काप. बारीक. अहो, बारीक म्हणजे एवढे? आता आडवे. सुरी उचलायची नाही, टोक फळीवरच. हा तुकडा बघा. आणि हा बघा. हे दोघं एका पातेल्यात नांदतील का?" साठ वर्षांचा एस्काफ्र, ज्याच्या रश्शासाठी तुलूझहून माणसं यायची, घाम पुसत पुसत कांदा चिरायला शिकला. रेमोंदची बोटं मांडीवर आपोआप हलत होती. तिने ती दुसऱ्या हाताने दाबून धरली.

एक वाजता गाजरांचा मोर्चा चौकातून आला आणि बसला. बदक आलं, रस्सा आला, दाट, तपकिरी, चमच्याला धरून राहणारा. काझनाव साहेबांनी पहिला घास घेतला, पाव मोडून ताट पुसलं, पुन्हा मागितला. बारोन टेबलाखाली गाढ झोपला होता. त्याचं पोट भरलं होतं.

मग शपथ. फिर्मां उभा राहिला, लाकडी पळीवर हात ठेवला. पट्टी सगळ्यांना दिसली.

"पहिल्या कांद्यापासून शेवटच्या थेंबापर्यंत हात माझाच होता," तो म्हणाला. यात खोटं काही नव्हतं. टाळ्या पडल्या.

"पण हा रस्सा नेहमीचा नव्हे," काझनाव साहेब म्हणाले. "सांगा, सांगा, आहे काय यात?"

फिर्मांने स्वैपाकघराच्या दाराकडे पाहिलं. तिथल्या टेबलाशी रेमोंद बसली होती, पुढ्यात पहिल्यांदाच भरलेलं ताट.

"कोंबड्यांचं खाणं," तो म्हणाला.

हशा पिकला. तो हसला नाही. "आणि अजून एक. चिरणं हे कुणालाही येणारं काम नाही. हे बोट बघा. रेमोंदचं बोट कापलेलं मी एकोणतीस वर्षांत पाहिलं नाही."

लोक आणखी हसले, कुणी पेला उंचावला, आणि पितळी कांदा फिर्मांच्या गळ्यात पडला. रेमोंद ताटात बघत राहिली. तिला रडू येत होतं, पण खात्री वाटत नव्हती. वाइनच्या भरात माणूस थट्टेने काहीही बोलतो, आणि एस्काफ्र तर जन्माचा थट्टेखोर. सोमवारी पुन्हा तोच फिर्मां, तीच पाटी. रस्सा लोकांना आवडलाच होता. म्हणजे मार्तला लिहिल्याप्रमाणे तिने जायला हवं होतं.

सोमवारी सकाळी ती एप्रन परत द्यायला आणि आपली सुरी घ्यायला निघाली. सोमवार आमचा बाजाराचा दिवस. चौकात भाजीवाल्यांची गाड्या लावायची घाई चालली होती. सोप्याखाली खाणावळीच्या दारात ती थबकली. खडू ओला असावा इतकी ताजी अक्षरं होती : 'बदक, रेमोंदच्या रश्शात.'

तिने ते दोनदा वाचलं. मग आजूबाजूला पाहिलं, कुणी बघतंय का. भाजीवाला बघत होता. तो काही बोलला नाही, आणि तो काही बोलला नाही म्हणूनच तिचे डोळे भरून आले.

आत फिर्मां फळीपुढे उभा होता. सहापासून चिरत असावा. दुसऱ्या बोटालाही पट्टी होती, डोळे कांद्याने लाल, समोर ढीग. त्याने मान वर केली नाही. फळी तिच्याकडे सरकवली आणि परीक्षेला बसल्यासारखा गप्प उभा राहिला.

रेमोंदने एक तुकडा उचलला, दुसरा उचलला, दोन्ही नखाशी लावून पाहिले. मार्तने झाडून ठेवलेली खोली तिला आठवली, चार वाजताची बस आठवली. तिने हातातला एप्रन पाठीमागे नेऊन गाठ मारली.

"हे असे चिरणार," ती म्हणाली, "आणि वर माझं नाव लावणार? सरका."